रोज फोनवर बोलणं होतं, मग पत्रात लिहायचं काय?

अबोली_२

बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आहे, तुम्हा सगळ्यांचा अनुभव हवा आहे.

मी कॉलेजात असल्यापासून वही लिहिते. रोजच लिहिते असं नाही, आणि घडलेल्या गोष्टींची नोंद असंही तिचं स्वरूप नाही. डोक्यात जे असेल ते लिहायचं. पहिल्या अर्ध्या पानात राग निघून जातो आणि खरं काय दुखलंय ते त्याच्या खाली उतरतं. या वहीने मला कितीतरी वेळा सावरलंय, त्यामुळे हाताने लिहिण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

अडचण वेगळीच आहे. माझी जिवलग मैत्रीण दुसऱ्या देशात राहते. व्हॉट्सॅपवर रोज बोलतो, फोटो पाठवतो. तिने दुपारी काय केलं ते मला माहीत असतं, पण सध्या तिला कशाची भीती वाटते ते माहीत नसतं. म्हणून ठरवलं की तिला पत्र लिहायचं. कागद घेतला, ‘प्रिय’ लिहिलं, नाव लिहिलं आणि तिथेच अडले. बातम्या तर तिला सगळ्या आधीच कळलेल्या. वहीत तीन-तीन पानं लिहिणारी मी पत्राच्या दुसऱ्या ओळीवर थांबते, हे कोडं मला सुटत नाही.

तुमच्यापैकी जे आजही हाताने पत्रं लिहितात, ते लिहितात तरी काय? आणि स्वतःसाठी लिहिण्याची सवय दुसऱ्याला लिहिताना कामी येते की आडवी येते?

काठावरचा

प्रश्न फार आवडला. वाचतोय.

मंजिरी_ताई

अबोली, माझ्या आईबद्दल सांगते, त्यातून काही सापडलं तर बघ.

आईला ऐकू कमी यायला लागलं तशी ती फोन टाळायला लागली. वयोमानाने ऐकणं कमी होतं तेव्हा बहुतेकदा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. माणूस बोलतोय हे कळतं, पण स, श, फ अशी अक्षरं पुसट होतात आणि शब्द ओळखू येत नाहीत. त्यातून साध्या फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोचतो, आणि समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. श्रवणयंत्र होतं, तरी ती ‘हो हो, बरं बरं’ म्हणून फोन ठेवायची. आमचं बोलणं ‘जेवलीस का, तब्येत कशी’ एवढ्यावर आलं होतं.

मी पत्रं लिहायला लागले. ठळक पेनाने, मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. सुरुवातीला तिची उत्तरं चार ओळींची यायची. एका पत्रात मी सहज विचारलं, लग्नाआधी तुला काय व्हायचं होतं? उत्तरात तिने दोन्ही बाजू भरून लिहिलं की तिला गणित शिकायचं होतं, कोणत्या बाईंमुळे ती गोडी लागली आणि ते का सुटलं. इतकी वर्षं एका घरात काढूनही मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं.

फोनवर मी प्रश्न विचारते आणि दोन सेकंद वाट बघते. पत्रात तिला आठवडा मिळतो. काही उत्तरांना आठवडाच लागतो गं.

दिगंत

मंजिरीताई, प्रतिसाद फार सुंदर. पण एक गोष्ट नोंदवतो. इथे काम केलं ते ‘सावकाश आणि एकालाच उद्देशून लिहिणं’ याने. हाताने लिहिण्याला त्याचं श्रेय द्यायची घाई नको.

२०१८ मध्ये कुमार आणि एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना आपल्या आयुष्यातल्या कोणाला तरी कृतज्ञतेचं पत्र लिहायला सांगितलं, आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाजही विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं की समोरच्याला जरा अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. ती पत्रं ईमेलने गेली होती. लिहिणारे आपली वाक्यरचना नीट जमेल का या काळजीत होते, तर वाचणाऱ्यांना त्यातली आपुलकी भावली.

तेव्हा अबोली, पेन अडत असेल तर लांबलचक ईमेल लिहा. तेही पत्रच आहे.

शाईवेडा

दिगंत, तुमच्या अभ्यासाबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे. ईमेलने आनंद होतो म्हणून हाताला वेगळं काही देता येत नाही, असं त्यातून निघत नाही.

१९९९ च्या एका प्रयोगात ब्रूइन आणि लेनर्ड यांनी विद्यार्थ्यांना एक क्लेशदायक अनुभव लिहायला दिला, काहींना हाताने आणि काहींना टंकून. हाताने लिहिणाऱ्यांना लिहिताना त्रास जास्त झाला, आणि आपण जास्त मोकळेपणाने लिहिलं असंही त्यांनीच सांगितलं. मला हे अगदी पटतं. कीबोर्डवर वाक्य नकोसं झालं की ते नाहीसं करता येतं. कागदावर खोडलं तरी खोडलेलं दिसत राहतं, आणि पुढचं वाक्य त्याला तोंड देऊनच लिहावं लागतं.

माझ्या थोरल्या भावाच्या पत्रात एकदा ‘रागावलो होतो’ हे खोडून वर ‘घाबरलो होतो’ असं लिहिलेलं होतं. ईमेल असता तर माझ्यापर्यंत नुसतं ‘घाबरलो होतो’ पोचलं असतं. तो आधी काय म्हणणार होता आणि नंतर कुठे आला, हे त्या एका रेघेमुळे मला दिसलं.

दिगंत

हे उदाहरण बिनतोड आहे. मान्य.

तरी मेंदूच्या नावाने जे दावे फिरतात त्यांच्याबद्दल थोडं बोलू द्या, कारण या विषयात ते हटकून येतात. नॉर्वेच्या ट्रॉन्हाइम इथल्या विद्यापीठातला २०२४ चा अभ्यास सगळीकडे गाजला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर विद्युत्-संवेदक लावले, आणि हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला समन्वय टंकण्यापेक्षा खूप व्यापक दिसला. चांगला अभ्यास आहे. पण टंकताना त्या मुलांना एकाच बोटाने टंकायचं होतं, आणि लिहिल्यानंतर त्यांना किती आठवतं हे त्यात तपासलेलं नव्हतं. तसंच लॅपटॉपपेक्षा हाताने काढलेल्या टिपणांनी विषय जास्त समजतो, हा २०१४ चा प्रसिद्ध निष्कर्ष २०२१ च्या पुनर्प्रयोगात तितका स्पष्ट मिळाला नाही.

हाताने लिहिण्यावर प्रेम करायला मेंदूच्या रंगीत चित्रांची साक्ष लागू नये, एवढंच म्हणतो.

रानजाई

मला इथे थोडं ठामपणे बोलायचं आहे. मला संधिवात आहे. वाईट दिवस असेल तर पेन धरून चार ओळी लिहिल्या तरी बोटं सुजतात. माझ्या भाच्याला लहानपणापासून हाताने लिहिणं अतिशय जड जातं, त्याची अक्षरं ओळीवर राहत नाहीत. ‘हाताने लिहिलं तरच खरं’ असं कुणी म्हणालं की आम्ही दोघंही त्या वाक्यातून बाहेर पडतो.

मी बोलून लिहिते, फोन ते टंकतो, मी ते छापते आणि खाली फक्त सही हाताने करते. तेवढी सही करायला मला वेळ लागतो आणि मी ती मनापासून करते. माझ्या बहिणीने अशी सगळी पत्रं ठेवली आहेत. धाग्याचा विषय मला अतिशय प्रिय आहे, म्हणूनच हे सांगावंसं वाटलं.

शाईवेडा

रानजाई, मनापासून धन्यवाद. सहीबद्दलचं वाक्य लक्षात राहील.

ज्यांना थोडं दुखतं पण लिहायचं आहे त्यांच्यासाठी: पेन जाड घ्या आणि शाईचं घ्या. बॉलपेनातली शाई तेलकट आणि दाट असते, गोळी फिरायला कागदावर दाब द्यावा लागतो. शाईपेनाची निब नुसती टेकली तरी उमटते. पकड आपोआप सैल होते. तरीही दुखलं तर मात्र थांबायचं.

उत्तररात्र

स्वतःसाठी लिहिण्याबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. वडील गेल्यानंतर मी रोज रात्री वही लिहायचो. पुढे कधीतरी मागची पानं चाळली तेव्हा दिसलं की आठवडेच्या आठवडे मी तेच लिहितोय, जवळजवळ त्याच शब्दांत. हॉस्पिटलातली ती एक संध्याकाळ, मी काय करायला हवं होतं, कोण काय बोललं. वही मला त्या संध्याकाळीच बसवून ठेवत होती.

नंतर जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल वाचलं. त्यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहून झाल्यावर लगेच उलट वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत ते आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. माझ्यासाठी महत्त्वाचं होतं ते त्यांचं नंतरचं काम. ज्यांना फायदा झाला त्यांचं लिखाण दिवसागणिक बदलत गेलं होतं. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘लक्षात आलं’ असे शब्द वाढत गेले, आणि ‘मी’ कडून ‘तो’, ‘ती’, ‘आम्ही’ असा दृष्टिकोन सरकत राहिला. जे एकाच जागी फिरत राहिले त्यांना तेवढा उपयोग झाला नाही. पेनेबेकर हेही सांगतात की एखाद्या विषयावर लिहिताना आपण कोलमडतोय असं वाटलं तर तो विषय सोडून द्यावा.

मी मग तीच संध्याकाळ आईच्या नजरेतून लिहून पाहिली. ते लिहून झालं त्याच रात्री आईला फोन केला आणि पहिल्यांदाच आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो.

दिगंत

उत्तररात्र, पुस्ती जोडतो. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. सरासरी परिणाम खरा, पण लहान. ज्यांचं दुःख मोठं आहे त्यांनी वही जरूर लिहावी, पण तिला समुपदेशकाचा पर्याय करू नये. तुम्ही वहीतून उठून आईशी बोललात, ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

चिमणचारा

वातावरण थोडं हलकं करते. माझी बहीण डॉक्टर आहे आणि आम्हाला हाताने पत्रं लिहिते. पत्र आलं की घरात सगळे गोलाकार बसून एकेक शब्द लावतो. मागच्या वेळी ‘तुमची आठवण येते’ हे बाबांनी ‘जेवणानंतर येते’ असं वाचलं आणि ती रात्री येणार म्हणून पाहुण्यांची खोलीही आवरून ठेवली :)

काठावरचा

पण आठवण आली म्हणजे तीही आलीच की :)

नीलपक्षी

अवांतर प्रश्न. मला मुलीसाठी पत्रं लिहून ठेवायची आहेत. ती आता लहान आहे, मोठी झाल्यावर देईन. शाई किती वर्षं टिकते? मी सध्या खोडता येणाऱ्या जेल पेनाने लिहिते, चुका नीट करता येतात म्हणून.

शाईवेडा

नीलपक्षी, ते पेन आजच बाजूला ठेवा! खोडता येणारी ती शाई रबराच्या घर्षणातून होणाऱ्या उष्णतेने अदृश्य होते. साधारण ६० अंश सेल्सिअसला ती पूर्ण नाहीशी होते, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत वही राहिली तर पानं कोरी होऊ शकतात. कोरं झालं तर घाबरू नका, फ्रीझरमध्ये ठेवल्यावर अक्षरं बरीचशी परत येतात. पण मुलीसाठीचं पत्र त्या भरवशावर ठेवू नये.

रंगद्रव्याची, म्हणजे पिगमेंटची शाई घ्या. ती पाण्याने सहसा धुतली जात नाही आणि उजेडातही बराच काळ टिकते. साधी निळी शाईपेनाची शाई पाण्याच्या एका थेंबात पसरते. कागद आम्लरहित घ्या. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुटतो तो लाकडातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे. टाचण्या आणि चिकटपट्टी नको, टाचणी गंजते आणि पट्टी डाग सोडते. अंधारात, कोरड्या जागी, सपाट ठेवा. प्रत्येक पत्रावर वर्षासकट तारीख घाला. नुसतं ‘सोमवार’ लिहिलेल्या पत्रांचा क्रम नंतर कुणालाच लावता येत नाही.

सुमेध_पाटी

शाईवरून अक्षराकडे येतो. हे वाचून कुणाला उपयोग झाला तर बरं.

माझे काका मला नियमित पत्र लिहायचे. एकदा त्यांची जुनी-नवी पत्रं शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं की अक्षर बारीक होत चाललंय. ओळीच्या सुरुवातीला बरं, शेवटाकडे अगदी मुंगीएवढं. काकूला विचारलं तर म्हणाली, हल्ली चालतानाही एक हात हलत नाही त्यांचा. न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं, पार्किन्सन्सचं निदान झालं. या लक्षणाला मायक्रोग्राफिया म्हणतात, आणि हात थरथरायला लागण्याच्या आधीही ते दिसू शकतं. अक्षर बदलण्याची कारणं इतरही असतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण असा बदल दिसला तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

आता काका जाड रेघांच्या कागदावर लिहितात. डोळ्यांसमोर रेघ असली की अक्षर मोठं ठेवायला मदत होते, हे त्यांच्या थेरपिस्टने सांगितलं. पत्रं अजून येतात.

रानजाई

सुमेध, काकांना माझा नमस्कार सांगा. ते लिहीत राहिले याचं फार कौतुक वाटलं.

वहीवाला

अबोलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

आम्ही तिघे शाळूसोबती, तीन वेगळ्या ठिकाणी. आमची एक फिरती वही आहे. एकाने चार-पाच पानं लिहायची आणि पुढच्याला टपालाने पाठवायची. त्याने ती वाचायची, समासात काही लिहायचं असेल तर लिहायचं, मग आपली पानं भरायची. असं करत ती परत पहिल्याकडे येते. भरली की ज्याच्याकडे भरली त्याने ठेवायची.

पत्रापेक्षा हे सोपं जातं, कारण कोरा कागद समोर येतच नाही. आधीच्या पानावर मित्राने काहीतरी म्हटलेलं असतं आणि तुम्हाला त्याच्यावर बोलायचं असतं. आमच्यातल्या एकाने त्याचा घटस्फोट होतोय हे आम्हाला पहिल्यांदा त्या वहीत सांगितलं. ग्रुपवर तो रोज सुप्रभात करत होता.

झुळूक

टपालाचंच काय होणार ही मला काळजी वाटते. डेन्मार्कमध्ये सरकारी टपालाची पत्रसेवा १६२४ पासून चालू होती, ती २०२५ च्या अखेरीस बंद झाली. रस्त्यावरच्या लाल पेट्या काढून घेतल्या. तिथे आता खासगी कंपनी पत्रं पोचवते, म्हणजे पत्र पाठवता येतं, पण कारण स्पष्टच आहे: २००० पासून पत्रांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. ही सेवा आपण वापरली तरच राहील. म्हणून मी आता वाढदिवसाला मेसेज करायच्या ऐवजी कार्ड लिहिते, दोनच ओळी का होईना.

उत्तररात्र

झुळूक, दोन ओळींचं कार्ड ही फार चांगली सुरुवात आहे. लांब पत्राच्या धास्तीने कितीतरी पत्रं लिहिलीच जात नाहीत.

मंजिरी_ताई

अबोली, तू विचारलंस की वहीची सवय पत्राच्या आड येते का. मला वाटतं, येते. वहीत वाचणारं कुणी नसतं, म्हणून आपण कुठूनही सुरुवात करतो. पत्राला मात्र आपण पाहुण्यासारखं बसवतो आणि आधी क्षेमकुशल विचारतो. ते तुझं फोनवर झालेलं आहे, म्हणून दुसऱ्या ओळीवर हात थांबतो. क्षेमकुशल सरळ गाळ.

एक करून बघ. गेल्या काही महिन्यांच्या वह्या काढ आणि तुझ्या मैत्रिणीचं नाव कुठे कुठे आलंय ते शोध. ‘हे तिला सांगायला हवं होतं’, ‘ती असती तर हसली असती’, किंवा ‘ती असं का बोलली?’ असं काहीतरी असेलच. ती वाक्यं तू तिलाच उद्देशून लिहिलेली आहेस, फक्त तिच्यापर्यंत पोचलेली नाहीत. त्यातलं एक घे आणि तिथूनच पत्र सुरू कर. सगळी वही तिच्यासमोर उघडायची गरज नाही. काही पानं तुझीच राहू देत, त्यांनी तुझं काम केलेलं आहे.

आणि शेवटी एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तिला दोन सेकंदांत देता येणार नाही.

दिगंत

मंजिरीताई, हे मी स्वतः करून बघणार आहे. आणि हाताने.

अबोली_२

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री वह्या काढून बसले. मंजिरीताई, तिचं नाव माझ्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त ठिकाणी निघालं. एका पानावर मी लिहिलंय की ती जाताना मी विमानतळावर आले नाही, कारण तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं. तिला मी तेव्हा काम असल्याचं सांगितलं होतं. पत्र तिथूनच सुरू केलं. पावणेतीन पानं झाली. खोडाखोड तशीच ठेवली आहे, शाईवेडा यांचं ऐकून. शेवटी विचारलंय की तिथे पहिल्या हिवाळ्यात ती फोनवर एवढी आनंदी कशी काय होती.

आज सकाळी पत्र टाकलं. उत्तर आलं तर पुढे फिरती वही सुरू करावी असं मनात आहे. वहीवाला, दोघींमध्येच चालेल का ती? आणि टपालात हरवली तर?

वहीवाला

दोघींमध्ये उत्तम चालेल, लवकर परत येईल उलट. पातळ वही घ्या, साधारण ४० पानांची. वजन कमी राहतं आणि हरवली तरी थोडंच जातं. पाठवण्याआधी आपल्या पानांचे फोटो काढून ठेवा, पण ते एकमेकींना पाठवू नका, नाहीतर वही यायच्या आधीच वाचून होईल. नोंदणी करून पाठवा, म्हणजे कुठवर पोचली ते कळतं. आतल्या मुखपृष्ठावर दोघींचे पत्ते लिहा. आमची एक वही चुकीच्या दारात गेली होती, ती त्या पत्त्यामुळेच परत मिळाली.

आणि समास रुंद आखा. निम्मी मजा समासात असते.